अकरावीची शाखा: आधी गणिताचं काय ते ठरवा

दहावीचा निकाल मे महिन्यात येतो आणि अकरावीचे फॉर्म नेमके मृगाच्या तोंडावर भरावे लागतात. घरात तेव्हा सोयाबीन-कपाशीच्या बियाण्याची जुळवाजुळव सुरू असते, पीककर्जासाठी बँकेत खेटे असतात, वावरात शेवटची वखरपाळी चाललेली असते. या घाईत पोराची शाखा ठरते ती टक्के पाहून. ८० च्या वर असेल तर सायन्स, ६० च्या आत असेल तर आर्ट, आणि मधल्यांना मामा सांगतील ते. कॉमर्सचं तर नावच निघत नाही, कारण तालुक्याच्या कॉलेजात पुष्कळदा ती तुकडीच नसते.

या हिशेबात पहिली गडबड टक्क्यांचीच आहे. राज्य मंडळ दहावीचे टक्के सहापैकी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवरून काढतं. ज्या विषयात सगळ्यात कमी गुण, तो टक्क्यांत मोजलाच जात नाही. म्हणजे एखाद्या मुलीला गणितात ४२ असतील आणि बाकीच्या पाच विषयांत सरासरी ८४, तर तिचे टक्के ८४ च दिसतील. त्या ४२ मध्येही २० गुण शाळेच्या हातचे, अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यातले १८ मिळाले असले तर बीजगणित आणि भूमिती मिळून लेखी ८० पैकी हातात पडले फक्त २४. चित्रकलेचे, खेळाचे किंवा लोककलेचे वाढीव गुण असले तर चित्र आणखी फसवं होतं. गावात पेढे वाटले जातात ८४ टक्क्यांचे आणि पोरगी जाऊन बसते सायन्सला. तेव्हा टक्क्यांचा आकडा बाजूला ठेवा, गुणपत्रिका हातात घ्या आणि गणित व विज्ञानाचे लेखी गुण किती ते बघा. लेखी गुण वेगळे दिसत नसतील तर गणिताच्या सरांना विचारा, ते दोन मिनिटांत सांगतील.

शाखा म्हणजे सहा विषय

बारावीची परीक्षा ६०० गुणांची, सहा विषयांची. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. दुसरी जागा मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषेची. काही कॉलेजांत तिथे माहिती तंत्रज्ञान घेता येतं. उरलेले चार विषय म्हणजे तुमची शाखा. कलेत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वगैरे. वाणिज्यात पुस्तपालन, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती किंवा तिच्याजागी गणित. विज्ञानात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र ठरलेलेच. त्यांच्या जोडीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, किंवा दोन्हींपैकी एक. त्यावरून पीसीएम (गणितवाला), पीसीबी (जीवशास्त्रवाला) आणि पीसीएमबी (दोन्हीवाला) हे तीन गट पडतात.

पुढची कॉलेजं आणि नोकरभरतीवाले ‘कोणती शाखा’ यापेक्षा ‘कोणते विषय’ हेच जास्त विचारतात. त्यात ज्या एका विषयावरून सगळ्यात जास्त रस्ते फुटतात तो गणित. म्हणून माझं म्हणणं असं, की सायन्स की आर्ट हा वाद नंतर घाला. आधी पोराला पुढची दोन वर्षं गणित झेपणार आहे का आणि त्याला ते हवं आहे का, हे ठरवा. बाकीच्या अर्ध्या गोष्टी आपोआप ठरतात.

अभियांत्रिकीला भौतिकशास्त्रासोबत गणित लागतंच, शिवाय सीईटी ही प्रवेश परीक्षा. एनडीएत, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, वायुदल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. भूदलाला मात्र कोणत्याही शाखेचा बारावी पास चालतो. अग्निवीर तांत्रिकलाही गणित हवं. उलट डॉक्टर व्हायचं असेल, म्हणजे एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस, तर नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिला गणिताशी देणंघेणं नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्र पुरे. जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल, म्हणजे नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडची पदवी, तरी आपल्याकडे प्रवेश नीटवरूनच होतो. बी.एस्सी. नर्सिंगलाही पीसीबी. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, काहीही चालतं. कृषी पदवीलाही, म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जायचं तर, दोन्ही गट चालतात, पण बारावी विज्ञानच लागते. जन्मभर वावरात राबलेल्या कास्तकाराच्या पोराने बारावी कलेतून केली तर त्याला कृषी पदवीला प्रवेश नाही, आणि ज्याने तिफण कधी हातात धरली नाही त्याला आहे. नियम नियम आहे. आधी माहीत असलेला बरा.

आता गणित आणि विज्ञान दोन्ही नसले तरी जी दारं उघडी राहतात, ती बघा. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास, शाखा कोणतीही. एमपीएससी-यूपीएससी आणि तलाठी भरतीला कोणतीही पदवी. पाच वर्षांचं कायद्याचं शिक्षण, शिक्षक होण्यासाठीचं डी.एल.एड., सीएची पहिली पायरी: सगळ्यांना कोणतीही शाखा चालते. जीएनएम नर्सिंग फक्त सायन्सवाल्यांसाठी असतं असा खेड्यापाड्यात पक्का समज आहे. पण भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार कोणत्याही शाखेची, इंग्रजी विषय असलेली आणि ४० टक्के मिळवलेली बारावी चालते. कलेतल्या कितीतरी पोरी या एका गैरसमजापायी अर्जच करत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वनरक्षक भरतीची तयारी गावोगाव चालते. तिला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय असावा लागतो. तेव्हा कला घेणाऱ्याने भूगोल किंवा अर्थशास्त्र सोडू नये. रोज पहाटे पाच किलोमीटर पळणारा पोरगा या एका विषयापायी भरतीबाहेर राहिला तर त्या पळण्याला काय अर्थ?

“सायन्स घेऊन ठेव, नंतर बघू”

हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धा खरा आहे. शाखांची वाहतूक एकेरी आहे. बारावी विज्ञानवाला बी.ए.ला, बी.कॉम.ला कुठेही जाऊ शकतो. बारावी कलेतून झालेल्याला बी.एस्सी.ला कुणी घेत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-विज्ञान-वाणिज्य अशा भिंती नकोत असं म्हटलंय खरं, पण अकरावीच्या अर्जात शाखा अजूनही विचारतात.

उरलेला अर्धा भाग सल्ला देणारे सांगत नाहीत. सायन्सची दारं उघडी राहतात ती बारावी धड झाली तर. अभियांत्रिकीला भौतिक, रसायन, गणित या गटात किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. नीटसाठी पीसीबीत ५० टक्के, राखीवला ४०. दोनदा नापास होऊन कशीबशी बारावी काढलेल्या पोराजवळ सायन्सचा शिक्का असतो, पण त्यातली बरीच दारं त्याच्या नाकासमोरच लागलेली असतात. तेवढ्याच वेळात ज्याने कलेत ७० टक्के मिळवून भरतीचा अभ्यास सुरू केला, तो पुढे निघून जातो.

खेड्यातल्या पोराला सायन्स जड जातं ते डोकं कमी म्हणून नव्हे. पहिली अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी विज्ञानाची पुस्तकं एकदम इंग्रजीतून. सेमी-इंग्रजीची पोरं निदान विज्ञान-गणिताचे शब्द ओळखतात. पूर्ण मराठी माध्यमातल्या पोराला ‘त्वरण’ माहीत असतं, पण पुस्तकात ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आलं की तीच गोष्ट नवीन वाटते. यावर उपाय आहे: दहावीची परीक्षा संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीचंच विज्ञान आणि गणित इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून पुन्हा वाचून काढायचं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पुस्तकं फुकट मिळतात. मजकूर ओळखीचा, नुसते शब्द नवे. ज्याने हे केलं, त्याचे अकरावीचे पहिले तीन महिने सुटले.

दुसरी अडचण प्रयोगशाळेची. भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येकात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे. काही कॉलेजांत प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून दोनदाच उघडतं, आणि ३० पैकी २८ गुण तरीही मिळतात. बारावीला ते बरं वाटतं, पुढे बी.एस्सी.ला किंवा फार्मसीला पोरगं ब्युरेट हातात धरून नुसतं बघत बसतं. प्रवेशाआधी त्याच कॉलेजात बारावीला शिकणाऱ्या एखाद्या पोराला विचारा, आठवड्याला किती प्रात्यक्षिकं होतात. प्राचार्यांना नका विचारू.

तिसरी अडचण एसटीची. पोरींच्या बाबतीत कितीदा तरी शाखा एसटीच्या वेळापत्रकावर ठरते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकासची निळी बसही आहे. पण सायन्सची प्रात्यक्षिकं दुपारनंतर असतात आणि गावची गाडी साडेचारला सुटून जाते. मग बाप म्हणतो, आर्टच घे, बारा वाजता घरी येशील. हे चूक आहे असं म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रात्यक्षिकांची बॅच सकाळची मिळते का, समाजकल्याणच्या किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा आहे का, हे फॉर्म भरण्याआधी विचारायचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे अकरावीपासून मिळू शकतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, ती बारावीनंतरच्या शिक्षणासाठी. नीट-सीईटीच्या तयारीसाठी ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नागपूरची महाज्योती संस्था ऑनलाइन शिकवणी आणि टॅब देते. त्याचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात.

आणि एक प्रकार आहे तो मला पटत नाही: गावाजवळच्या कॉलेजात नावापुरता प्रवेश आणि पोरगं अकोल्याला किंवा नागपूरला क्लासमध्ये. वर्षाला लाखाच्या घरात खर्च, खोलीभाडं, मेस. पोराचा कल गणितात आहे की नाही हे बघण्याआधीच दोन एकर गहाण पडतात. मग पोरगं मागे फिरायचं म्हटलं तरी फिरू शकत नाही, कारण आता प्रश्न शाखेचा उरत नाही, कर्जाचा होतो.

बायफोकलचा सापळा

सायन्सला प्रवेश घेताना कॉलेजवाले विचारतात, “बायफोकल घेता का?” हा २०० गुणांचा व्यवसाय विषय: इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र असे काही. गुण चांगले मिळतात म्हणून पोरं खुशीने घेतात. पण तो दुसरी भाषा आणि आणखी एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा खातो. अभियांत्रिकीकडे जाणारे त्यासाठी जीवशास्त्र सोडतात. सोडा, काही हरकत नाही. पण त्याबरोबर नीट, बी.एस्सी. नर्सिंग आणि पशुवैद्यक सुटलं हे फॉर्म भरताना माहीत असू द्या. तसंच पीसीबीवाल्याने गणिताऐवजी भूगोल घेतला की अभियांत्रिकी सुटली. ज्याचं अजून ठरलेलं नाही आणि गणित बऱ्यापैकी येतं, त्याने पहिलं वर्ष पीसीएमबी घ्यावं. ज्याला गणिताचा धसकाच आहे, त्याने मात्र दोन दगडांवर पाय ठेवू नये.

बारावीला वळसा

गणित बरं, हात चालतात, पण इंग्रजी पुस्तकांत दोन वर्षं घालवायची तयारी नाही, अशा पोरांसाठी पॉलिटेक्निक आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, सीईटी नाही, तीन वर्षांची पदविका. त्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हिशेब मांडून बघा: बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षं, पदविकेची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. मधेच थांबावं लागलं तर एकाजवळ नुसती बारावी असते, दुसऱ्याजवळ पदविका. शासकीय पॉलिटेक्निक नागपूर-अमरावतीलाच आहेत असं नाही. आर्वी, ब्रह्मपुरी, साकोली, मूर्तिजापूर, खामगाव, गडचिरोलीलाही आहेत.

आयटीआयकडे अजूनही नापासांची जागा म्हणून बघतात. पण दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पदवीला. एक वर्षाच्या ट्रेडला ही सोय नाही, हे ट्रेड निवडताना लक्षात ठेवा. वीजतंत्री किंवा तारतंत्री केलेल्याला महावितरणच्या विद्युत सहायक पदाला अर्ज करता येतो. फिटर-इलेक्ट्रिशियनला चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांत शिकाऊ उमेदवारीची संधी असते. आयटीआयवाल्याला बारावीचं प्रमाणपत्रही मिळू शकतं: दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास असेल तर राज्य मंडळाचे दोन भाषा विषय द्यायचे, बाकीचे गुण आयटीआयचे धरले जातात.

शाखा बदलायची झाली तर

बदल जितका लवकर, तितका स्वस्त.

सगळ्यात स्वस्त बदल फॉर्ममध्येच होतो. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात आणि प्रत्येक पसंतीत कॉलेज व शाखा दोन्ही असतात, म्हणजे एका क्रमांकावर विज्ञान आणि पुढच्यावर कला असंही चालतं. मात्र पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. सायबर कॅफेवाल्याने घाईत भरलेला पहिला क्रमांक तुमची दोन वर्षं ठरवू शकतो. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

प्रवेशानंतरचे पहिले एकदोन महिने अजून हातात असतात. पहिल्या घटक चाचणीत चार विषयांपैकी तीनमध्ये काहीच लिहिता आलं नसेल, तर दिवाळीची वाट बघू नका. त्याच कॉलेजात दुसऱ्या शाखेची जागा रिकामी असेल तर काम सोपं. खेड्यातल्या कॉलेजांत कलेच्या जागा बहुधा रिकाम्या असतात, विज्ञानाच्या अनुदानित तुकडीच्या नसतात. म्हणून सायन्समधून आर्टला येणं लवकर जमतं, उलटं कठीण. कॉलेजही बदलायचं असेल तर आधी नव्या ठिकाणी जागा पक्की करा, मग जुना प्रवेश रद्द करा. दाखला हातात आणि जागा कुठेच नाही, असं व्हायला नको.

अकरावी संपल्यावर बारावीला विषय किंवा कॉलेज बदलायचं तर ते कॉलेजच्या एकट्याच्या हातात राहत नाही. प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. तिथे न जमलं तर अकरावी नव्या शाखेत पुन्हा. एक वर्ष जातं आणि गावात चर्चा होते. ती चर्चा पोळ्यापर्यंत टिकते. सायन्समध्ये ओढत-रखडत काढलेली बारावी पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहावी लागते.

बारावी झाल्यावर चुकलेला विषय जोडता येतो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. राज्य मंडळात याला ‘तुरळक विषय’ म्हणतात: बारावी पास झालेला विद्यार्थी राहून गेलेला एखादा विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसू शकतो. पीसीबी केलेल्याने गणित द्यावं, पीसीएमवाल्याने जीवशास्त्र. नीटच्या बाबतीत पूर्वी हे चालत नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र मान्य केलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही, म्हणजे एनआयओएसमधून, असा सुटा विषय करता येतो आणि तिथे विषयांवर शाखेचं बंधन नाही. शाळा मधेच सुटलेल्यांसाठी खासगीरीत्या परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे. पण विज्ञानात प्रात्यक्षिकं असल्याने तो मुख्यतः कला-वाणिज्याच्या कामाचा.

कला शाखेतून बारावी झाली आणि आता तांत्रिक बाजूला जायचंय, तर पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष दहावीच्याच गुणांवर मिळतं. बारावीचे विषय तिथे आडवे येत नाहीत. दहावीत गणित-विज्ञान पास असलं की पुरे. पीसीएमने बारावी झाली पण सीईटी बिघडली, तर पदविकेचं थेट दुसरं वर्ष.

दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर वर्ष घालवण्याची गरज नाही. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत बसता येतं आणि पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळा-पावसाळ्यात होते.

शेवटी कागदांचं. विज्ञान घेतलं असेल आणि राखीव प्रवर्गातून अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी किंवा फार्मसीला जायचं असेल, तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता लागते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. पडताळणी समितीकडे जुने पुरावे लागतात: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा. ते तहसील कचेरीतून आणि जुन्या शाळेतून काढायला महिने जातात. आदिवासी कुटुंबांत तर पुष्कळदा आजोबा शाळेतच गेलेले नसतात, तिथे महसुली नोंदी शोधाव्या लागतात. ओबीसीला नॉन क्रिमीलेअरही लागतं आणि त्याची मुदत बघावी लागते. ज्या घरात पोरगी आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी जुलै २०२४ चा शासन निर्णय माहीत करून घ्यावा: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. “पोरीच्या इंजिनिअरिंगला पैसा कुठून आणू” म्हणून अकरावीतच गणित सोडायला लावणाऱ्या बापाला हा कागद दाखवा.